कूलरचं पाणी

जळगाव, ५ मार्च १९८९

अक्का, पाया पडतो.

तुझं कार्ड परवा मिळालं. दाजींना दवाखान्यातून घरी आणलं हे वाचून जिवात जीव आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, पण माणूस तर तुझ्यासमोर आहे. एस.टी. डेपोत वीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस असा खाटेवर पडलेला मला डोळ्यासमोरही आणवत नाही. तू मात्र धीर सोडू नकोस.

डॉक्टर म्हणाले खोली गार ठेवा, उन्हाळा यांना झेपायचा नाही, हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. मी ती ओळ दहादा वाचली. दोन वर्षांपूर्वी तुमचं मातीचं धाबं गळतं म्हणून ते पाडून पत्रे टाका असं सांगणारा शहाणा मीच ना! पावसाचं भागलं, पण धुळ्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. छताचा पंखा लावलात तर तो वरची गरम हवाच खाली फेकेल.

आता माझं ऐक. मी सात वर्षं कारखान्यात कूलर बनवतोय. शेठ-सावकारांच्या बंगल्यात माझ्या हातचे कूलर घरघरतात आणि माझ्या बहिणीच्या घरात वारा नाही! यंदा एक कूलर स्वतः उभा करतो. अक्षय्य तृतीयेला अजून दोन महिने आहेत, तुझ्या अखाजीची भेट समज. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. एका कडेवर मी आणि डोक्यावर हंडा अशी तू नदीवरून यायचीस, असं गावातली माणसं अजून सांगतात. तेव्हा नाही म्हणायचं नाही. खोलीचं माप कळव, लांबी-रुंदी आणि खिडकी.

लता नमस्कार सांगते.

तुझा,
वाल्मीक


धुळे, १४ मार्च १९८९

वाल्मीक, अनेक आशीर्वाद.

माप घेतलं. पट्टी नव्हती, साडीच्या काठाने मोजलं आणि मग तो काठ शिंप्याकडून मोजून आणला, हसू नकोस. दहा बाय बारा. खिडकी एक, रस्त्याच्या अंगाला.

ह्यांचं बरं आहे म्हणायचं. पेज घेतात. डोळ्यांनी सगळं बोलतात, पण मला अर्धंच कळतं. आत्तापासूनच दुपारी अंग तापतं. उजव्या बाजूला घामच येत नाही रे, ती बाजू कोरडी ठणठणीत. ओलं फडकं फिरवत बसते.

एक मनातलं लिहू का? शेजारच्या भागाबाई सांगत होत्या, त्यांच्या भावाने पत्र्यावर पऱ्हाट्या अंथरल्या, वर शेणमातीचा थर दिला, अगदी धाब्यासारखा. खाली चांगलं गार लागतं म्हणे. कपाशीच्या पऱ्हाट्या आता फुकट मिळतील. तू दोन दिवस आलास तर आपण करू. नाहीतर खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडत राहीन.

तुझ्या हातचं काही येणार असेल तर मी नको कशी म्हणेन? माहेरची वस्तू आहे. फक्त विचारते, कूलरला पाणी किती लागतं रे?

तुझी,
अक्का


जळगाव, २४ मार्च १९८९

अक्का,

पऱ्हाट्या काय गं! तो गोठा आहे का? लोक म्हणतील, भाऊ कूलरच्या कारखान्यात आणि बहिणीच्या डोक्यावर काडीकचरा. ते भागाबाईच्या भावाला लखलाभ.

वाळा मात्र तू बरोबर सांगितलास. हल्ली सगळे लाकडाच्या भुश्याचं गवत भरतात. मी तुझ्यासाठी तिन्ही बाजूंना वाळ्याच्याच ताट्या करतोय. खोलीभर वास दरवळेल बघ. अंग लोखंडी, आतून रंगाचे दोन हात. पंप खालच्या टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. कूलर खिडकीत बसवायचा आणि समोरचं दार अर्धं उघडं ठेवायचं. हे लक्षात ठेव. लोक दार-खिडक्या गच्च लावून घेतात आणि मग म्हणतात कोंडल्यासारखं होतंय.

पाण्याचं काय एवढं? सहा हंडे टाकीत मावतात. कारखान्यात तर आम्ही नळ सोडून देतो आणि चहाला जातो.

रविवारी १६ एप्रिलला टेंपो घेऊन येतो. वरणबट्टी कर. वांग्याची भाजी झणझणीत हवी, लताच्या हाताला तुझी चव नाही. (हे तिला दाखवून लिहितोय. ती लाटणं घेऊन उभी आहे.)

वाल्मीक


धुळे, १९ एप्रिल १९८९

भाऊ,

तू नीट पोचलास का? टेंपो गेला आणि मी दारात बराच वेळ उभी होते.

तुझा कूलर म्हणजे काय सांगू! परवा दुपारी हे दोन तास गाढ झोपले. जानेवारीपासून पहिल्यांदा. मी दोनदा नाकाशी हात धरून बघितलं, इतके शांत पडले होते. अंग तापलं नाही. उठल्यावर माझ्याकडे बघून हसले. अर्ध्याच तोंडाने हसतात आता, पण हसले. माझ्या डोळ्यांना धार लागली. देव तुला उदंड आयुष्य देवो.

गल्लीतल्या बायका बघायला येतात. यशोदाबाई तर ताटीला नाक लावून म्हणाल्या, हे तर अत्तराचं दुकान शे! मी पण दुपारभर आतच बसते, गारव्यात निवडटिपण करते. तू काळजी करत होतास ना, अक्का कुठे बसेल म्हणून.

तू बटण खाटेजवळ घेतलंस ते छान झालं. डाव्या हाताने हे स्वतः दाबतात. पण लहान पोरासारखा नाद लागलाय त्यांना. मी जरा बाहेर गेले की बंद, आत आले की मी पुन्हा चालू करते. चालू-बंद, चालू-बंद. मी रागावते खोटंखोटं.

तुझी,
अक्का


जळगाव, २६ एप्रिल १९८९

अक्का,

तुझं पत्र मी कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. शेठ म्हणाले, अशी पावती आजवर एकाही गिऱ्हाइकाने दिली नाही. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी.

दाजींना बटणाशी खेळू दे. तेवढाच त्यांना विरंगुळा. मेकॅनिकचा हात आहे, यंत्र जवळ असलं की शिवशिवणारच.

पण नुसतं कौतुक नको. काही खोट असेल तर लिही. पंखा थडथडतो का, पाणी अंगावर उडतं का, काहीही. बहीण म्हणून गप्प बसू नकोस. इथे जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलाय, तुमच्याकडेही तेच असणार.

वाल्मीक


धुळे, १ मे १९८९

वाल्मीक,

खोट काही नाही रे. तू एवढं विचारतोस म्हणून लिहिते. दुपारी दोनच्या सुमाराला टाकी कोरडी पडते. नेमकी उन्हाच्या भरात. मग नुसती गरम हवा येते आणि पुन्हा भरेपर्यंत हे कासावीस होतात, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहतात. त्यावर तुला काही करता आलं तर बघ. नाही आलं तरी हरकत नाही, चाललंय.

अखाजीला मी येणार नाही, तू वाट बघू नकोस. ह्यांना कुणावर टाकून येणार? लग्नाला बावीस वर्षं झाली, एकही अखाजी माहेराशिवाय गेली नव्हती. भागाबाईच्या मुली आल्यात, निंबाला झोका बांधलाय, गाणी ऐकू येतात. मी घरातूनच म्हणते त्यांच्याबरोबर.

आई-आबांच्या नावाने घागर भरशील ना? नवी घागर घे, काठोकाठ भर, वर खरबूज आणि सांजोरी ठेव. लताला सांग, गेलेल्या माणसांना या उन्हात पाणी पोचवायचं असतं, त्यात कुचराई करू नये.

हे अजून बटण बंद करतात. परवा मी चिडलेच. म्हटलं, माझ्या भावाने एवढ्या मायेने दिलंय आणि तुम्ही ते बंद करता? तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मग मलाच वाईट वाटलं.

तुझी,
अक्का


जळगाव, ९ मे १९८९

अक्का,

अखाजी झाली. घागर भरली, तू सांगितलंस तशी काठोकाठ. तुझ्याशिवाय आमरस घशाखाली उतरेना. लतासुद्धा रडली, आणि ती म्हणजे कशी दगडाची आहे तुला माहीत आहे.

तुझी तक्रार वाचली आणि कपाळावर हात मारला. टाकी लहान पडली! मापात माझीच चूक. पत्र मिळाल्यापासून रोज सुटी झाल्यावर थांबून दुप्पट टाकी बनवली आहे. बारा हंडे मावतील. पंपही मोठा घातलाय आणि ताट्या जाड केल्यात, त्यामुळे आधीपेक्षा कितीतरी गार लागेल. टेंपोवाला झुलाल हे पत्र आणि टाकी घेऊन येतोय. तो बसवून देईल, मी त्याला सगळं शिकवलंय. आता सकाळी एकदा भरलीस की दिवस मावळेपर्यंत तिकडे बघायचं कारण नाही. मग बस निवांत दाजींजवळ.

अशी तक्रार आधीच करायची ना, वेडाबाई!

वाल्मीक


धुळे, १५ मे १९८९

वाल्मीक,

टाकी मिळाली. मोठी आहे. झुलालला जेवू घातलं. तू दिवसभर काम करून थकल्यावर पुन्हा माझ्यासाठी हातोडा घेऊन बसायचास, हे त्याने सांगितलं. एवढं करू नये रे भाऊ. हात कापला म्हणे पत्र्याने? हळद लाव.

आता फार गार होतं. ह्यांना कधी कधी चादर घालावी लागते, मे महिन्यात!

माझं ठीक. जरा डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कांदा जवळ ठेवते. तू उन्हात इकडे येऊ नकोस. पाऊस पडला की ये, तोवर सगळंच सोपं होईल.

अक्का


धुळे, २५ जून १९८९

वाल्मीकला अभिमनचा आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. तुझी अक्का, माझी सुंदर, गेली त्या आठवड्यापासून पाटीवर गिरवायला लागलो. हे पत्र सहा दिवस लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर लताला दाखव. पार्वताबाई पिंपळनेरहून इथे माझ्याजवळ येऊन राहिली आहे. माझी बहीण माझं करते आणि तुझी बहीण गेली.

तू तेराव्याला माझ्या खाटेजवळ बसून विचारलंस, अक्का दुपारी दोन वाजता उन्हात काय करत होती? हाताने दार धरून पडली म्हणतात, पण गेली कुठे होती? मला बोलता आलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो.

पाणी आणायला गेली होती. कूलरसाठी.

आमच्या नळाला पाच-पाच दिवस पाणी नसतं. हापसा वस्तीच्या टोकाला आहे. सकाळी तिथे बायकांची रांग. कूलर आला आणि सुंदरच्या खेपा वाढल्या. बायका तोंडावर बोलायला लागल्या, बठ्ठं पानी तुन्हाच घर जास का वं? माणसांना प्यायला नाही आणि तुझ्या यंत्राला हंडे? त्यांचंही खोटं नव्हतं. सुंदरला ते लागलं. मग ती भर दुपारी जायला लागली, हापशावर कुणी नसताना. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर. चार खेपांत तुझी पहिली टाकी भरायची. दुसरी टाकी आल्यावर आठ खेपा. जाड ताट्या पाणीही जास्त पीत. कधी अकरा. मी खाटेवरून मोजायचो, दुसरं काय करणार?

ती खोलीत बसत नव्हती. ती दुपारभर स्वयंपाकघरात बसायची, पत्र्याखाली, चुलीपाशी. आत आली की म्हणायची, तुमचा गारवा मी कशाला वाटून घेऊ?

तू आलास त्या रविवारी घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं होतं. दोन दिवस आधीपासून भरत होती, तुला कळू नये म्हणून. तू त्या दिवशी दोनदा आंघोळ केलीस. तू गेल्यावर ती हसून म्हणाली, लहानपणी अंगाला पाणी लावू द्यायचा नाही आणि आता बघा. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

मी बटण बंद करायचो ते खेळ म्हणून नव्हे. ती हंडा घेऊन बाहेर पडली की बंद करायचो. जाऊ नको, एवढंच सांगायचं होतं. ती येऊन चालू करायची. तोंडातून नुसता घों-घों आवाज निघायचा. तिला वाटायचं मला आणखी गार पाहिजे.

खरं सांगायचं तर एक आणखी आहे. काही दुपारी मी बंद केलं नाही. गार वारा अंगावर यायचा, वाळ्याचा वास यायचा, आणि मला ते आवडायचं. ती गेली त्या दुपारी कूलर चालू होता. मी झोपलो होतो.

दोष द्यायला लिहीत नाही. तो वाटायचा म्हटला तर माझा वाटा मोठा आहे.

अभिमन


जळगाव, ९ जुलै १९८९

दाजी,

पत्र मिळून दहा दिवस झाले. रोज लिहायला बसतो.

तिने पहिल्याच पत्रात विचारलं होतं हो, पाणी किती लागतं. मी काय उत्तर दिलं? नळ सोडून चहाला जातो म्हणून! टाकी कोरडी पडते लिहिलं तर मी टाकी मोठी केली. यंत्राचा माणूस मी, मला यंत्रच दिसलं. खोली मोजली, खिडकी मोजली, पाणी कुठून येतं हे विचारायला माझी जीभ का नाही उचलली? आणि तिने तरी स्पष्ट का नाही लिहिलं? रागही येतो तिचा. मग तो राग आला म्हणून स्वतःच्या थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

लता म्हणते, बाईमाणूस माहेरच्या वस्तूला नावं ठेवत नाही, तुम्हाला एवढंही कळलं नाही. तिला कळलं असतं. मी तिला ती पत्रं नीट वाचूनच दाखवली नाहीत, आपलं कौतुक तेवढं वाचलं.

तुम्ही झोपला होतात, दाजी, तर ते तिला हवंच होतं. त्याच्यासाठीच ती जात होती. तेवढं तरी मनाला लावून घेऊ नका. माझी या वाक्याने सुटका होत नाही, पण तुमच्यासाठी ते खरं आहे.

वाल्मीक


धुळे, ८ एप्रिल १९९०

वाल्मीक,

ऊन तापायला लागलं. तुझा कूलर कापडाने झाकून ठेवला आहे. पार्वताबाई विचारते लावायचा का. मी नाही म्हणून मान हलवतो.

तू दहा महिन्यांत आला नाहीस. दिवाळीला आला नाहीस. घाबरतोस, कळतं मला.

या अखाजीला सुंदरची पहिली घागर. आम्हाला मूलबाळ नाही. माझा उजवा हात नाही, डाव्याने घागर उचलत नाही. भाऊबंद म्हणतात आम्ही भरू. मी नको म्हणालो, पाटीवर लिहून दिलं. तू ये. पाणी तू भर.

पऱ्हाट्या गोळा करून ठेवल्या आहेत. तिची इच्छा होती, पत्र्यावर थर द्यायचा. मातीचा ढीग दारात पडला आहे.

अभिमन


जळगाव, २ मे १९९०

दाजी,

सुखरूप पोचलो. खांदे अजून हलत नाहीत. लता शेकून देते.

तिथे तोंडाने बोलता आलं नाही म्हणून लिहितो. घागर भरायला पहाटे जा, असं पार्वताबाई म्हणत होती. मी मुद्दाम दुपारी गेलो, ते तुम्ही पाहिलंत. हापशावर कुणी नव्हतं. दांडा इतका तापला होता की उपरणं गुंडाळून धरावा लागला. ती काय गुंडाळत असेल? पदरच. घागर भरून तुमच्यासमोर मांडली, खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आणि नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तोंडातून "अक्का" एवढंच निघालं. भटजी म्हणाले पूर्ण नाव घ्या. मला ते आठवेना हो. सख्ख्या बहिणीचं नाव! तुम्ही पाटीवर सुंदर लिहून दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी माती कालवायला पाणी लागलं तेव्हा भागाबाई हंडा घेऊन मदतीला आल्या, मी त्यांना परत पाठवलं. त्या रागावल्या असतील तर माझ्या वतीने माफी मागा. मला त्या खेपा एकट्याला करायच्या होत्या. चौथ्या खेपेला हंडा खाली ठेवावा लागला. हापशापासून तुमच्या दारापर्यंत सावली म्हणून नाही. ती हंडा कुठे टेकवत असेल, ते शोधत राहिलो. मी पुरुषमाणूस, सात खेपांत बसलो.

थर बरा बसलाय. पऱ्हाट्या आडव्या-उभ्या दोन थर, वर शेणमाती चार बोटं. निघताना तुमच्या खोलीत हात वर करून बघितला, झळ येत नव्हती. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. पावसाळ्यापूर्वी येऊन आणखी एक हात देतो. दरवर्षी देत जाईन.

कारखान्यात जातो. गिऱ्हाईक आलं की खोली केवढी ते नंतर विचारतो. आधी विचारतो, पाणी कोण भरतं? लोक चमकतात. शेठ म्हणाले, तू माल विकायला बसलायस की चौकशी करायला? काल एरंडोलकडचा एक माणूस आला होता, आईसाठी मोठ्यात मोठा कूलर द्या म्हणाला. मी विचारलं. म्हणाला, आईच भरते, तिला सवय आहे. मी उठून आत गेलो.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. कूलरच्या मागे, खिडकीच्या खिळ्याला तिची चुंबळ अडकवलेली होती, जुन्या लुगड्याच्या चिंधीची, हंड्याखाली ठेवायची. मधोमध बसून बसून घट्ट झालीय, दगडासारखी. ती मी पिशवीत घालून आणली. तुम्हाला हवी असेल तर परत आणून देतो. नसेल तर माझ्याकडे राहू द्या. लता धुऊ का म्हणाली. मी म्हटलं, तिला पाणी लावू नकोस.

तुमचा,
वाल्मीक